सपोर्ट संपल्यानंतरची एक्सपी

इतिहासाचं व्याख्यान म्हटलं की आपल्याकडे निदान शंभर-दोनशे वर्षं मागे जायची पद्धत आहे. आज आम्ही फार मागे जाणार नाही. २५ ऑक्टोबर २००१ रोजी विंडोज एक्सपी बाजारात आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने तिचा सपोर्ट थांबवला. एवढाच आपला कालखंड, आणि त्यापुढची काही वर्षं.

सपोर्ट संपला म्हणजे नेमकं काय झालं? ९ एप्रिलला सकाळी एक्सपीचा संगणक नेहमीसारखाच सुरू झाला. तीच हिरवी टेकडी, तेच निळं आकाश. काहीही बिघडलं नाही. बिघडलं नाही हीच खरी अडचण होती. गाडीचा ब्रेक गेला तर पायाला कळतं. इथे फक्त दर महिन्याला येणारी डागडुजी, म्हणजे पॅच, यायची थांबली. आणि न आलेली वस्तू कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

आता आपला समज असा असतो की प्रणाली जुनी झाली की धोकादायक होते आणि नवी असली की सुरक्षित. इतिहास काय सांगतो ते पाहू. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म आला. एक्सपी तेव्हा दोन वर्षांचीही नव्हती, तिचा सपोर्ट चालू होता आणि या छिद्रावरचा पॅच १६ जुलैलाच निघालेला होता. तरीही जगभर लाखो संगणकांवर 'साठ सेकंदांत संगणक बंद होईल' अशी चौकट येऊ लागली. कुणी काही उघडलं नव्हतं, कुठे क्लिक केलं नव्हतं. संगणक इंटरनेटला जोडलेला असणं एवढं पुरेसं होतं. एक्सपीत फायरवॉल होती बरं का, पण ती मुळात बंद ठेवलेली होती! दार होतं, कडी होती, कडी लावायची राहिली होती. ती आपोआप लागलेली मिळाली ऑगस्ट २००४ मध्ये, सर्व्हिस पॅक २ सोबत.

हा सर्व्हिस पॅक भारतात कसा पोहोचला, तोही इतिहासच आहे. पूर्ण पॅक सुमारे २६६ एमबीचा. डायल-अपवर, म्हणजे ५६ केबीपीएसच्या मोडेमवर, लाइन एकदाही न तुटता चालली असती तरी दहा तासांहून जास्त वेळ. त्यामुळे बऱ्याच लोकांनी तो मासिकाबरोबर मिळणाऱ्या सीडीवरून टाकला, आणि त्याहून जास्त लोकांनी टाकलाच नाही. शिवाय विंडोजच चोरीची असेल तर अपडेटची भीती. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खातरजमेत नापास झालेल्या एक्सपीचा पडदा तासातासाने काळा होऊ लागला. मग संगणक दुरुस्त करणाऱ्या पोरानं पहिलं काम काय करावं? ऑटोमॅटिक अपडेट बंद! म्हणजे कागदोपत्री सपोर्ट २०१४ ला संपला. आपल्याकडच्या कित्येक संगणकांचा तो पहिल्या दिवसापासूनच सुरू झालेला नव्हता.

एक गोष्ट मात्र २०१४ नंतर खरोखर बदलली. तिच्याकडे फारसं लक्ष गेलं नाही. विंडोजच्या नव्या आवृत्त्या जुन्यांवरच रचलेल्या असतात. विंडोज ७ साठी पॅच निघतो तेव्हा हल्लेखोर आधीची फाइल आणि नंतरची फाइल शेजारी ठेवून पाहतात. जिथे फरक, तिथे छिद्र होतं. तेच छिद्र एक्सपीत असलं तर तिथे ते कायमचं उघडं. म्हणजे शेजारच्या घराची डागडुजी हाच आपल्या घराच्या चोरवाटेचा नकाशा झाला. ब्रिटिश सरकारला हे कळत होतं. म्हणून २०१४ मध्ये त्यांनी एका वर्षाच्या खास एक्सपी सपोर्टसाठी सुमारे ५५ लाख पौंड मोजले. पुढच्या वर्षी तो करार वाढवला नाही.

आणि मग १२ मे २०१७ उजाडला. वॉनाक्राय. अमेरिकेच्या एनएसएने तयार केलेलं 'इटर्नलब्लू' हे हत्यार एप्रिलमध्ये शॅडो ब्रोकर्स नावाच्या टोळीने उघड्यावर टाकलं होतं. महिन्याभरात ते खंडणीच्या सॉफ्टवेअरला जोडलं गेलं. सुमारे दीडशे देश, दोन लाखांहून अधिक संगणक. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत २३६ पैकी निदान ८१ ट्रस्टना झळ बसली, अंदाजे १९ हजारांहून जास्त रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या, काही ठिकाणी रुग्णवाहिका दुसऱ्या इस्पितळांकडे वळवाव्या लागल्या. वर्तमानपत्रांनी तेव्हाच निकाल देऊन टाकला: जुन्या एक्सपीनं घात केला.

हा निकाल चुकीचा होता, असं आमचं मत आहे. कॅस्परस्कीने पाहिलेल्या बाधित संगणकांत सुमारे ९८ टक्के विंडोज ७ होते. एक्सपीवर वॉनाक्रायचा हल्ला बहुधा फसायचा. संगणक निळा पडदा दाखवून कोसळायचा, पण संसर्ग पुढे पसरायचा नाही. ब्रिटनच्या नॅशनल ऑडिट ऑफिसचा अहवालही हेच सांगतो: बहुतेक बाधित यंत्रं सपोर्ट चालू असलेली, पण पॅच न लावलेली विंडोज ७ होती. पॅच १४ मार्चपासून उपलब्ध होता, जवळजवळ दोन महिने! आणि इंटरनेटकडच्या बाजूची फायरवॉल नीट सांभाळली असती तरी बचाव झाला असता, असंही त्यात म्हटलं आहे. मायक्रोसॉफ्टने लगेच एक्सपीसाठीही पॅच खुला केला. मे २०१९ मध्ये ब्लूकीपच्या वेळी पुन्हा केला. पण असे अपवाद मोजकेच. त्यांच्या भरवशावर बसणं म्हणजे अवकाळी पावसावर शेती करणं.

सहा आठवड्यांनी आच आपल्या दाराशी आली. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या सुटला. मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडली आणि न्हावा-शेव्याला, जेएनपीटीत, त्यांच्या समूहाकडे असलेल्या टर्मिनलचं काम विस्कळीत झालं. हा प्रकार वेगळा होता. नॉटपेट्या संगणकाच्या स्मृतीतले पासवर्ड चोरून पॅच लावलेल्या यंत्रांतही शिरत होता. आणि तो आला तोच मुळी अपडेटच्या रूपात. एटीएमची गोष्टही त्याच काळातली. आपली कित्येक एटीएम यंत्रं एक्सपीवर चालत होती. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१७ मध्ये बँकांना त्याबद्दल बजावलं, आणि काम रेंगाळतंय असं दिसल्यावर जून २०१८ मध्ये वेळापत्रकच घालून दिलं: सप्टेंबरपर्यंत पाव यंत्रं, आणि जून २०१९ पर्यंत सगळी.

बँकेला वेळापत्रक देता येतं. पण गावातल्या डीटीपीवाल्याला कोण देणार? त्याच्याकडे पेजमेकर आहे, ज्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. युनिकोडपूर्व मराठी फाँटांत जुळवलेल्या पंधरा-वीस वर्षांच्या फाइली आहेत, ज्या नव्या यंत्रावर उघडल्या की अक्षरांचा चिवडा होतो. त्याला आळशी म्हणणं सोपं आहे. आमच्या मते तो हिशेबी आहे. त्याचं यंत्र टिकवायचं असेल तर इतिहासातून जे निघतं ते असं: एक्सपीची धोक्याची वाट बहुतेक वेळा नेटवर्कमधून येते, तेव्हा नेटची वायर काढा. मेल, बँक, यूपीआयची कामं दुसऱ्या यंत्रावर किंवा फोनवर. तसंही एक्सपीवर क्रोम २०१६ मध्ये आणि फायरफॉक्स २०१८ मध्ये अपडेट व्हायचं थांबलं, आणि तिच्यातला इंटरनेट एक्स्प्लोरर नवी सुरक्षित जोडणी ओळखतच नसल्याने बँकांची पानं उघडत नाहीत. अँटिव्हायरस टाकून हे भरून निघत नाही. पाया खचलेल्या घराला तो कुलूप असतो.

ज्यांचा विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यांची स्थिती इतकी वाईट नाही. घरगुती वापरासाठी आणखी एक वर्षाची सुरक्षा-अपडेट नोंदणी करून मिळते. यंत्र विंडोज ११ ला चालत नसेल तर लिनक्स मिंटसारखी प्रणाली त्याच हार्डवेअरवर बसते, तीही फुकट. आधी फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि ती डिस्क काढून ठेवा; जोडलेली राहिली तर खंडणीवाला तिलाही कुलूप घालतो.

आणि वायर काढल्यावर राहतो तो पेनड्राइव्ह. २००८ च्या अखेरीस आलेला कॉन्फिकर नेटवर्कमधून पसरायचा, तसाच पेनड्राइव्हमधूनही, ऑटोरनच्या सोयीचा फायदा घेऊन. एक्सपीतली ती सोय मायक्रोसॉफ्टने अपडेटने बंद केली ती थेट फेब्रुवारी २०११ मध्ये. तेव्हा डीटीपीच्या यंत्रावर ते अपडेट आहे का ते आधी पाहा, आणि छापखान्यात पीडीएफ न्यायला एक वेगळा पेनड्राइव्ह ठेवा, जो गिऱ्हाइकाच्या हातात जाणार नाही.