ग्रहण, विळी आणि दुभंगलेला ओठ : एका दोषारोपाचा इतिहास

१/ २२ जानेवारी १८९८. त्या दुपारी खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकण किनाऱ्यावरून घाट चढून, मराठवाडा ओलांडून वऱ्हाड-नागपूरकडे गेली. विजयदुर्गावर इंग्लंडचे नॉर्मन लॉकियर आपली उपकरणे रोखून होते. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी दादाभाई नाएगमवाला आणि अमेरिकेचे कॅम्पबेल सूर्याच्या प्रभामंडलाची छायाचित्रे घेत होते. विज्ञानाच्या दृष्टीने मराठी मुलखातील तो एक संस्मरणीय दिवस होता.

२/ याच सावलीच्या मार्गालगत निजामाच्या राज्यातील कळमनुरीचा मुलूख येत होता. आजच्या हिंगोली जिल्ह्यातील आखाडा बाळापूर त्याच मुलखातले. मराठी गावांतून ग्रहणाचे अर्थ निराळे होते. ‘दे दान, सुटे गिऱ्हाण’ अशी आरोळी दारोदार फिरे आणि घरातील गर्भवतीवर बंधने येत. तिने विळीवर भाजी चिरू नये, सुईदोरा हाती धरू नये, ग्रहण सुटेपर्यंत हलू नये. नियम मोडल्यास मूल फाटक्या ओठाचे होते, असा समज होता.

३/ हा समज केवळ मराठी नव्हे. मेक्सिकोच्या आझ्टेक लोकांतही ग्रहणाचा आणि दुभंगलेल्या ओठाचा संबंध जोडला जाई. तिथे गर्भवतीने रक्षणासाठी काचदगडाचा तुकडा अंगाशी बाळगण्याची रीत होती. युरोपात गर्भवतीच्या वाटेत ससा आडवा गेला तर मुलाचा ओठ सशासारखा होतो, असे म्हणत. कारणे निरनिराळी, परंतु आरोपी सर्वत्र एकच : आई.

४/ प्राचीन ग्रंथांत मात्र दोन वाटा दिसतात. गर्भवतीचे डोहाळे न पुरवल्यास अपत्य व्यंग घेऊन जन्मते, असे सुश्रुतसंहिता सांगते. चरकसंहितेच्या शारीरस्थानात वेगळा विचार आहे : बीजाचा जो भाग दूषित होतो, त्यापासून घडणारे अंग विकृत होते. दोष बीजात शोधणारी ही दुसरी वाट लोकव्यवहारात मागे पडली. लक्षात राहिली ती विळी.

५/ १८९८ साली याहून चांगले उत्तर विज्ञानापाशीही नव्हते. मेंडेलचा १८६६ सालचा निबंध विस्मृतीत होता, त्याचा पुनर्शोध १९०० साली लागला. ‘जीन’ हा शब्द योहान्सन यांनी १९०९ साली रूढ केला. सूर्याचा वर्णपट टिपता येत होता, पण नवजात बालकाचा ओठ का दुभंगला हे सांगता येत नव्हते.

६/ शस्त्रक्रिया कारणाच्या शोधाच्या पुढे गेली. स्वातंत्र्यानंतर नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग नावारूपास आणला. दुभंगाचे त्यांनी तीन गट केले : केवळ ओठ, केवळ टाळू आणि दोन्ही मिळून. १९७५ साली प्रसिद्ध झालेली ही पद्धत आजही ‘नागपूर वर्गीकरण’ म्हणून शिकवली जाते. ओठ शिवता येऊ लागला, परंतु आईवरचा ठपका तसाच राहिला.

७/ गर्भाचा चेहरा एकसंध उगवत नाही. चौथ्या आठवड्याच्या सुमारास तोंडाभोवती पाच उंचवटे दिसू लागतात. ते वाढत वाढत एकमेकांस भिडतात आणि सातव्या आठवड्याच्या सुमारास वरचा ओठ सांधला जातो. टाळू बाराव्या आठवड्यापर्यंत जुळते. म्हणजे अनेक स्त्रियांना दिवस गेल्याची नुकती खात्री होते, तोवर ओठाचा निकाल लागलेला असतो. पाचव्या-सहाव्या महिन्यात ग्रहण आले, तर तोपर्यंत सांधलेला ओठ ते फाडू शकत नाही.

८/ हे सांधकाम कोणाच्या आज्ञेने चालते? पेशीत हजारो जनुके असतात, पण सर्वच सदैव कामावर नसतात. काही प्रथिने डीएनएला ठरावीक जागी चिकटून कोणते जनुक केव्हा जागे व्हावे हे ठरवतात. ही जनुक-नियामक प्रथिने. गडावर शिबंदी आहे, दारूगोळा आहे, परंतु फडातून हुकूमच निघाला नाही तर दरवाजा उघडत नाही. नियामक प्रथिन बिघडले की असेच होते : बाकीची जनुके शाबूत असूनही काम अडते.

९/ १९५४ साली अमेरिकेत अ‍ॅन व्हॅन डर वूड यांनी काही घराण्यांतील एक खूण नोंदवली. खालच्या ओठावर लहान खळगे आणि त्याच घरात दुभंगलेले ओठ वा टाळू. दोष पिढ्यान्‌पिढ्या उतरत होता. बाधित आई किंवा वडिलांच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी होती. या विकाराला त्यांचेच नाव मिळाले. कारण सापडायला मात्र आणखी ४८ वर्षे जावी लागली.

१०/ २००२ साली शिनजी कोंडो, ब्रायन शुट, जेफ्री मरे आणि सहकाऱ्यांनी ते ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये प्रसिद्ध केले. धागा मिळाला तो एका जुळ्यांच्या जोडीतून. ही जुळी एकाच बीजांडापासून झालेली होती, तरी एकाला हा विकार होता आणि दुसऱ्याला नव्हता. डीएनए ताडून पाहता बाधित जुळ्यात आयआरएफ-६ या जनुकात एक बदल सापडला. तो दुसऱ्या जुळ्यात नव्हता, आईवडिलांतही नव्हता.

११/ आयआरएफ-६ हे जनुक-नियामक प्रथिन आहे. गर्भाच्या त्वचेच्या पेशी योग्य रीतीने परिपक्व व्हाव्यात, जिथे सांधायचे तिथेच सांधाव्यात आणि भलतीकडे चिकटू नयेत, यासाठी ते लागते. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक जरी निकामी झाली, तरी हुकूम अपुरा पडतो. या प्रथिनालाही वरचा अधिकारी आहे : पी-६३ हे दुसरे नियामक प्रथिन आयआरएफ-६ला जागे करते. पी-६३ मधील बदलांमुळे ओठाबरोबर हातापायांची बोटेही सदोष घडू शकतात, हे १९९९ सालीच दिसून आले होते.

१२/ त्या जुळ्यांचा पुरावा ग्रहणाच्या समजुतीलाही लावून पाहावा. आई एक, गर्भाशय एक, नऊ महिन्यांतील आकाशही एक. विळीचा दोष असता तर तो दोघांनाही लागला असता. फरक होता तो एका जनुकात, आणि तो बदल कोणाच्याही वागण्याची शिक्षा नव्हता. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते आणि क्वचित अशी चूक राहून जाते.

१३/ याचा अर्थ प्रत्येक दुभंगामागे एकच जनुक असते असा नाही. जगात सुमारे ७०० जन्मांमागे एका बाळाला हा दोष असतो. त्यांपैकी व्हॅन डर वूड विकाराचा वाटा साधारण २ टक्के. बहुतेकांत अनेक जनुकांचे लहान लहान फरक, तंबाखूचा धूर, मिरगीवरील काही औषधे, पोषणातील उणिवा अशी कारणे एकत्र येतात. म्हणून धूम्रपान टाळणे आणि चालू औषधांविषयी डॉक्टरांशी बोलणे उपयोगी ठरते. मात्र ही माहिती काळजीसाठी आहे; आईला पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यासाठी नाही.

१४/ जेऊरच्या दुर्बिणीपासून आयआरएफ-६ पर्यंत १०४ वर्षे लोटली. २ ऑगस्ट २०२७ रोजी पश्चिम भारतातून पुन्हा खंडग्रास सूर्यग्रहण दिसेल. त्या दिवशी बाळापुरात किंवा पुण्यात एखाद्या गर्भवतीला कोपऱ्यात निश्चल बसायला सांगितले जाईल. तिच्या बाळाचा ओठ तोवर बहुधा केव्हाच सांधला गेलेला असेल, आणि नसेल तरी तो तिच्या हातातील विळीमुळे नसेल. उत्तर आता उपलब्ध आहे. ते त्या घरापर्यंत पोहोचणे बाकी आहे.