परराष्ट्रीय लष्करी विक्रीवरील विधिमंडळाचे नियंत्रण

एका राष्ट्राच्या शासनाने दुसऱ्या राष्ट्राच्या शासनास शस्त्रास्त्रे, युद्धनौका, सुटे भाग, प्रशिक्षण व देखभालसेवा विकण्याच्या व्यवहारांवर विधिमंडळाने ठेवलेली देखरेख. या नियंत्रणाचा सर्वांत तपशीलवार विकास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला. तेथील संविधानानुसार परराष्ट्रांशी होणाऱ्या व्यापाराचे नियमन करणे व नौदल उभारून ते सांभाळणे हे अधिकार काँग्रेसकडे आहेत. परराष्ट्रव्यवहार चालविणे व सेनादलांचे आधिपत्य मात्र राष्ट्राध्यक्षाकडे आहे. या विभागणीतूनच शस्त्रविक्रीविषयीचा दीर्घ संघर्ष उद्‌भवला.

परराष्ट्रीय लष्करी विक्री अधिनियम १९६८ मध्ये संमत झाला. या पद्धतीत अमेरिकेचे संरक्षण खाते खरेदीदार शासनास प्रस्तावपत्र देते, उत्पादकाकडून माल घेते आणि सुटे भाग, प्रशिक्षण व दुरुस्ती यांचीही व्यवस्था लावते. त्यामुळे एका विक्रीतून उभयतांचा अनेक वर्षांचा संबंध निर्माण होतो. मे १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी तेहरान भेटीत इराणच्या शाहला बहुतेक सर्व आधुनिक शस्त्रे विकत देण्याचे मान्य केले. या निर्णयात काँग्रेसचा सहभाग नव्हता. त्यानंतर विक्री झपाट्याने वाढल्यामुळे सीनेटर गेलॉर्ड नेल्सन व प्रतिनिधी जोनाथन बिंगहॅम यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये एक दुरुस्ती संमत झाली. तीनुसार २५ दशलक्ष डॉलर वा त्याहून अधिक किंमतीच्या विक्रीची पूर्वसूचना काँग्रेसला देणे आवश्यक ठरले.

सीनेटच्या एका उपसमितीसाठी तयार झालेल्या १९७६ च्या अहवालाने प्रश्नाचे मूळ स्पष्ट केले. इराणने घेतलेली शस्त्रे इतकी गुंतागुंतीची होती, की पुढील पाच ते दहा वर्षे अमेरिकेच्या दैनंदिन साहाय्याविना त्या देशास मोठे युद्ध करता येणार नाही, असे त्यात म्हटले होते. याचा दुसरा अर्थ असा, की इराण युद्धात उतरल्यास तेथील अमेरिकी तंत्रज्ञांमुळे अमेरिकाही त्यात ओढली जाण्याचा संभव होता. त्याच वर्षी शस्त्रनिर्यात नियंत्रण अधिनियम अंमलात आला. महत्त्वाच्या लष्करी सामग्रीसाठी ७ दशलक्ष व एकूण व्यवहारासाठी २५ दशलक्ष डॉलर अशा मर्यादा त्यात होत्या. १९८१ मध्ये त्या १४ व ५० दशलक्ष करण्यात आल्या. सूचना मिळाल्यापासून सामान्यतः ३० दिवसांत काँग्रेसला हरकत घेता येते. आणीबाणीचे कारण देऊन राष्ट्राध्यक्ष ही मुदत टाळू शकतो. १९७९ मध्ये येमेनबाबत व २०१९ मध्ये सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि जॉर्डन यांच्याबाबत हा मार्ग वापरण्यात आला.

इराणने मागविलेल्या चार विनाशिका १९७९ च्या क्रांतीनंतर त्या देशाकडे गेल्याच नाहीत. त्या अमेरिकेच्या नौदलाने घेतल्या व किड वर्ग म्हणून १९८१–८२ मध्ये सेवेत दाखल केल्या. पुढे २००५–०६ मध्ये त्या तैवानला मिळाल्या.

सौदी अरेबियास पाच टेहळणी विमाने देण्याचा प्रस्ताव ऑक्टोबर १९८१ मध्ये प्रतिनिधिगृहाने ३०१ विरुद्ध १११ मतांनी नाकारला. परंतु सीनेटमध्ये हरकतीचा ठराव ४८ विरुद्ध ५२ मतांनी फेटाळला गेल्याने विक्री झाली. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये चढ्ढा खटल्यात विधिमंडळाचा नकाराधिकार घटनाबाह्य ठरविला. तेव्हापासून विक्री रोखण्यासाठी राष्ट्राध्यक्षाच्या सहीची गरज असलेला संयुक्त ठराव लागतो. म्हणजेच प्रत्यक्षात दोन-तृतीयांश बहुमत आवश्यक असते. सौदी अरेबियास क्षेपणास्त्रे विकण्याविरुद्धचा ठराव १९८६ मध्ये दोन्ही सभागृहांनी संमत केला. पण रेगन यांचा नकाराधिकार मोडण्यास सीनेटमध्ये एक मत कमी पडले. संयुक्त ठरावाद्वारे विक्री रोखण्यात काँग्रेसला आजवर यश आलेले नाही. औपचारिक सूचनेपूर्वी संबंधित समित्यांच्या प्रमुखांनी घेतलेल्या हरकती अनेकदा अधिक परिणामकारक ठरतात.

युद्धनौकांसंबंधी तरतुदी अधिक कडक आहेत. ३,००० टनांहून मोठी किंवा २० वर्षांहून कमी वयाची नौका परराष्ट्रास देण्यास काँग्रेसचा स्वतंत्र कायदा लागतो. देखभाल हे तर नियंत्रणाचे टिकाऊ साधन आहे. पाकिस्तानला १९८८–८९ मध्ये आठ फ्रिगेटी व हेक्टर ही दुरुस्ती-नौका भाडेपट्ट्याने देण्यात आल्या. तथापि पाकिस्तानजवळ अण्वस्त्र नाही, असे प्रमाणित करण्यास राष्ट्राध्यक्षांनी १९९० मध्ये नकार दिल्याने १९८५ ची प्रेसलर दुरुस्ती लागू झाली. भाडेपट्टे वाढविण्यात आले नाहीत आणि १९९४ पर्यंत नौका परत गेल्या. त्यांच्यासोबत त्या नौदलाची दुरुस्तीची सोयही गेली. भारताच्या १९९८ मधील अणुचाचण्यांनंतर अमेरिकी निर्बंधांमुळे नौदलाच्या ब्रिटिश बनावटीच्या सी किंग हेलिकॉप्टरांना अमेरिकी सुटे भाग मिळणे कठीण झाले. विक्रेता तिसरा देश असला, तरी सुट्या भागांवरील परवान्याची सत्ता मूळ देशाकडेच राहते, हे त्यावरून दिसून आले.

अलीकडे उलट दिशेचे व्यवहारही सुरू झाले. अमेरिकेत तळ असलेल्या नौदलाच्या जहाजांची मोठी दुरुस्ती परदेशी गोद्यांत करण्यास तेथील कायदा सामान्यतः मनाई करतो. प्रवासातील दुरुस्तीस सूट असते. या चौकटीत कट्टुपल्ली येथील गोदीशी व मुंबईच्या माझगाव डॉकशी २०२३ मध्ये आणि कोचीन शिपयार्डशी २०२४ मध्ये दुरुस्तीचे करार झाले.

भारतात संसदेस शस्त्रखरेदीच्या वा विक्रीच्या प्रत्येक करारास पूर्वसंमती देण्याचा अधिकार नाही. अंदाजपत्रकावरील चर्चा, संरक्षणविषयक स्थायी समिती (स्थापना १९९३) व लोकलेखा समिती यांच्याद्वारे ती आढावा घेते. अमेरिकी पद्धतीत माहिती आधी मिळते, पण रोखण्याची शक्ती मर्यादित आहे. भारतीय पद्धतीत तपासणी बहुधा व्यवहारानंतर होते. दोन्हींत विक्रीच्या दिवशी होणाऱ्या मतदानापेक्षा पुढील अनेक वर्षांच्या देखभालीचे करार अधिक बंधनकारक ठरतात; मात्र विधिमंडळांचे लक्ष त्यांच्याकडे तुलनेने कमी जाते.