आंबोणापासून सुग्रासापर्यंत

भंडारा जिल्हा हा तळ्यांचा आणि भाताचा मुलूख. भातापाठोपाठ बांधींतील ओलीवर जवस आणि लाखोळी घ्यावयाची, जवसाची ढेप, लाखोळीची चुणी व उखळांत कांडलेल्या तांदळाचा कोंडा एकत्र भिजवून दुभत्या गाईपुढें ठेवावयाचा, ही येथील जुनी रीत. या आंबोणाचें प्रमाण गृहिणीच्या ओंजळीवर, फार तर पायलीवर ठरे.

पायली हें आकारमानाचें माप, वजनाचें नव्हे. पायलीभर ढेप आणि पायलीभर कोंडा समतोल नसतात. कोंडा दाबून भरला तर त्याच पायलींत अधिक मावतो. परंतु एका गोठ्यापुरतें हें चालून जाई. दूध आटलें किंवा शेण पातळ झालें, कीं दुसऱ्या दिवशीं ओंजळ आपोआप बदले.

भातगिरण्या आल्या आणि कोंडा पोत्यांनीं निघूं लागला. शंभर किलो भातामागें सुमारें वीस किलो तूस आणि पांच ते आठ किलो कोंडा मिळतो. त्यांतील तेल लवकर खवट होतें, म्हणून तें काढून उरलेला कोंडा पशुखाद्याच्या कारखान्यांकडे जाऊं लागला. गुजरातेंत कंजरी येथें खेडा जिल्हा दूध संघाच्या अशाच कारखान्याचें उद्घाटन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनीं ३१ ऑक्टोबर १९६४ रोजीं केलें. महाराष्ट्रांत अशा तयार खाद्यास पुष्कळ ठिकाणीं सुग्रास म्हणतात.

कारखान्यांत ओंजळीची जागा वजनानें घेतली. आधुनिक गिरणींत प्रत्येक जिन्नसाची कोठी निराळी असते. खालच्या काट्यांत १९३८ सालच्या शोधांतून निघालेल्या ताणमापक पट्ट्या असतात. भारानें त्यांचा विद्युत्‌रोध बदलतो आणि त्यावरून यंत्रास वजन कळतें. प्रथम जिन्नस वेगानें पडतो, ठरलेला आंकडा जवळ येतांच धार बारीक होते. वाटेंत असलेला माल हिशेबांत धरून झडप मिटते. क्षार व जीवनसत्त्वें अगोदर थोड्या कोंड्यांत कालवून मग मोठ्या घाण्यांत सोडतात.

एवढा कांटेकोरपणा कशासाठीं? एक टन खाद्यांत दहा किलो युरिया सारखा पसरला, तर गाईच्या पोटांतील सूक्ष्म जीव त्यापासून प्रथिनें घडवितात. तोच एका पोत्यांत साचला, तर अमोनियाची विषबाधा होऊन जनावर कांहीं तासांत दगावतें. गृहिणीची चूक एका गाईस भोंवे. घाण्याची चूक शेंकडों गोठ्यांत पोंचते.

तथापि काट्यास वास येत नाहीं. १९६० सालीं इंग्लंडांत लाखावर टर्की पक्षी मेले. त्यांच्या खाद्यांतील भुईमुगाची पेंड बुरशीच्या विषानें दूषित होती. तिचें वजन अचूक असतें तरी तें विष टळलें नसतें. म्हणून आजहि चांगल्या गिरणींत माल कोठींत चढण्यापूर्वीं त्याचा नमुना तपासतात. कोंड्याचा खवट दर्प ओळखणारा जाणता माणूस तेथें अजून लागतो. गोठ्यांतील तें जुनें ज्ञान यंत्राच्या दाराशीं उभें आहे.