थेंब कुठला, ठोका कुठला?

लांब पल्ल्याच्या प्रवासाची जड मोटारसायकल जुनी, वापरलेली विकत घेताना जाणकार माणूस दोन साध्या गोष्टी करतो. रात्री इंजिनाखाली पुठ्ठा पसरतो आणि सकाळी त्यावरचे डाग पाहतो. मग इंजिन चालू करून लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक जागोजागी टेकवतो, मूठ कानाशी धरतो आणि ऐकतो. दोन्ही कृतींमागे बराच इतिहास आहे. त्यातला थेंबाचा इतिहास अधिक रंजक, म्हणून आधी तो पाहू.

ट्रायंफ, नॉर्टन, बीएसए या इंग्लिश मोटारसायकली तेल गाळण्याबद्दल प्रसिद्ध होत्या. आपली बुलेट त्याच घराण्यातली. रेडिच गावच्या रॉयल एनफिल्डची ही गाडी १९५५ पासून मद्रासला जोडली जाऊ लागली. बुलेट रोज कुठे उभी राहते हे सांगायला मालकाची गरज नसे, फरशीवरचा काळा डागच ते सांगे.

या गळतीचे नेहमी दिले जाणारे कारण असे. इंग्लिश इंजिनाचा चेंबर, म्हणजे ज्यात क्रँक फिरतो तो कप्पा, डाव्या-उजव्या दोन अर्ध्यांचा असे. त्यांचा उभा सांधा थेट तळापर्यंत, जिथे तेल उतरते तिथपर्यंत जाई. होंडाने १९६९ साली बाजारात आणलेल्या चार सिलिंडरांच्या, ७३६ घनसेंटिमीटरच्या सीबी ७५० मध्ये चेंबर आडवा कापलेला होता. वरचा अर्धा झाकणासारखा, खालचा पातेल्यासारखा. पातेल्याच्या काठातून तेल गळत नाही, तळाला चीर असेल तर गळते.

हे कारण आम्हाला अर्धेच पटते. इटलीच्या डुकाटीने चेंबर उभाच कापला, तरी इंजिने कोरडी ठेवली. सांध्याचे पृष्ठभाग किती सपाट घासले आहेत याला महत्त्व आहेच, पण त्याहूनही महत्त्वाचा आहे तो चेंबरमधला दाब. ट्रायंफच्या ५०० घनसेंटिमीटरच्या जोड-सिलिंडर इंजिनात दोन्ही दट्टे एकदमच खाली येतात. दर खेपेला चेंबरचे आकारमान ५०० घनसेंटिमीटरने घटते. ब्रीदरच्या नळीतून हवा बाहेर पडली नाही, तर ती सांध्यांतून तेल ढकलत वाट काढते. सीबी ७५० मध्ये दोन दट्टे खाली येताना दोन वर जातात, त्यामुळे एकूण आकारमान जवळजवळ तेच राहते.

जुनी गाडी घेणाऱ्यासाठी यातली मेख मोठी आहे. रिंगा झिजल्या की जळालेला वायू दट्ट्याच्या कडेने चेंबरमध्ये उतरतो, दाब वाढतो आणि कालपर्यंत कोरडे असलेले सांधे ओले होतात. अशा वेळी नवे पॅकिंग बसवले तर चार दिवसांत तेही ओले. दुखणे रिंगांचे आणि औषध पॅकिंगला! ब्रीदरच्या नळीतून धूर येतो का, हे आधी पाहावे.

दुसरा प्रश्न रबराचा. फिरत्या दांड्याभोवती पूर्वी नमदा किंवा कातडे वापरत. नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगते, कारण दोन्ही हायड्रोकार्बनच. १९३० च्या दशकात जर्मनीत तयार झालेल्या नायट्राइल रबराच्या रेणूंवर ध्रुवीय गट असतात, त्यामुळे त्यात तेल सहज शिरत नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या नील्स क्रिस्टेन्सन या डॅनिश तंत्रज्ञाला 'ओ-रिंग'चे पेटंट मिळाले ते १९३९ साली. सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि गॅरेजमधला टाकाऊ ऑइल सील दोन दिवस रॉकेलमध्ये ठेवून दोन्हींची लांबी आधी आणि नंतर मोजली, तर वर्गातही फरक दिसेल. अर्थात आगीपासून दूर.

आता खास प्रवासी गाडीकडे येऊ. १९७५ साली विक्रीला आलेल्या होंडा गोल्डविंगला ९९९ घनसेंटिमीटरचे, पाण्याने थंड होणारे इंजिन होते आणि मागच्या चाकाला साखळीऐवजी दांडा. म्हणजे पुठ्ठ्यावरचा डाग इंजिन ऑइलचा, कूलंटचा, ब्रेक ऑइलचा, नाहीतर मागच्या गिअरच्या तेलाचा असू शकतो. बशीत पाणी घेऊन थेंब टाकावा. तेल तरंगते, तर कूलंट आणि नेहमीचे ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतात. कूलंट रंगीत असते. ब्रेक ऑइल फिकट असते आणि रंग उडवते, म्हणून थेंब टाकीवर लावून पाहू नये.

एक गळती मात्र मुद्दाम ठेवलेली असते. पाण्याच्या पंपात एका बाजूला पाणी अडवणारा सील आणि दुसऱ्या बाजूला तेल अडवणारा. दोहोंच्या मधून बाहेर एक बारीक छिद्र काढलेले असते. सील गेला की तिथून थेंब पडतो आणि मालकाला कळते. काही महाभाग हे छिद्रच लांबी भरून बुजवतात. मग पाणी आतल्या आत तेलात जाते आणि बेअरिंग संपतात.

आवाजाबद्दल थोडक्यात. घड्याळाची टिकटिक ऐकू येते, तशा इतर वस्तूंच्या आतल्या हालचालीही आवाजावरून ओळखता येतील, असे रॉबर्ट हूकने लिहून ठेवले होते. ते त्याच्या मृत्यूनंतर १७०५ साली छापले गेले. पॅरिसच्या लेनेकने १८१६ साली कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली. मेस्त्रींचा स्क्रू-ड्रायव्हर हा त्या सुरळीचाच भाऊबंद, कारण धातूतून कंपने चांगली वाहतात.

कान कुठे लावायचा, हे गणित सांगते. फोर-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह हलवणारा कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. मिनिटाला १००० फेरे असतील, तर एका टॅपेटची टिकटिक ५०० वेळा होईल. क्रँकच्या बेअरिंगची जड ठकठक साधारणपणे दर फेऱ्याला येते आणि इंजिनावर भार पडला की वाढते. थंड इंजिनात येणारा आणि गरम झाल्यावर विरणारा खडखडाट बहुधा दट्ट्याचा असतो. ॲल्युमिनियमचा दट्टा बिडाच्या सिलिंडरपेक्षा जास्त प्रसरण पावतो आणि फट भरून काढतो. १९८४ च्या गोल्डविंगपासून टॅपेटची फट तेलाच्या दाबाने आपोआप राखली जाऊ लागली. त्या गाडीत टिकटिक ऐकू आली, तर पाना हातात घेण्याआधी तेलाची पातळी पाहावी लागते.