टाकीचे अर्धे काम

"आमची टाकी वीस वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही," असे अभिमानाने सांगणारे घरमालक आपल्याकडे तालुक्याच्या प्रत्येक गावात भेटतात. हा अभिमान सेप्टिक टँकच्या जन्मापासून चालत आलेला आहे.

पूर्व फ्रान्समधल्या वेझूल या लहान गावात झां-लुई मूरास यांनी 1860 च्या सुमारास घरातल्या मैल्यासाठी आणि सांडपाण्यासाठी हवाबंद हौद बांधला. नवे पाणी आत आले की तेवढेच जुने पाणी बाहेर पडायचे. सुमारे बारा वर्षांनी हौद उघडला, तेव्हा तळाशी साचलेला मैला अपेक्षेपेक्षा फारच थोडा निघाला. मुआन्यो हे पाद्री विज्ञानलेखक म्हणून प्रसिद्ध होते. त्यांची साथ मिळाली, 1881 मध्ये पेटंट झाले आणि आपोआप रिकामा होणारा हौद म्हणून त्याचा बोलबाला झाला. मैला माणसांकडून उपसून गाड्यांतून वाहून नेण्याच्या त्या काळात हा केवढा दिलासा वाटला असेल!

पण दावा अर्धाच खरा होता. टाकीत जड भाग तळाशी बसतो, तेलकट भाग सायीसारखा वर येतो आणि हवेवाचून जगणारे जिवाणू तळचा मैला कुजवतात. त्याचा काही भाग पाण्यात विरघळतो, काही वायू होऊन जातो. उरलेला गाळ मात्र वर्षानुवर्षे साठतच राहतो. बाहेर पडणारे पाणी दिसायला बरे असले तरी त्यात रोगजंतू असतातच.

या पाण्यावर पुढे आणखी प्रक्रिया हवी, याची जाण इंग्लंडमधल्या एक्झेटर शहराचे सर्व्हेअर डोनाल्ड कॅमेरॉन यांना होती. त्यांनी 1895 मध्ये मोठी टाकी बांधली, तिला सेप्टिक टँक हे नाव दिले आणि तिच्यातून निघणारे पाणी पुढे गाळण-थरांतून सोडले. टाकीतल्या वायूवर तिथे दिवेही लावले. दोनच वर्षांत, 1897 मध्ये, मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्याच्या टाक्यांतून वायू गोळा करण्याची सोय झाली आणि पुढे त्या वायूवर इंजिन चालवले गेले. गोबर गॅसच्या कितीतरी आधीची ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी कुणाला ठाऊक नसावी, याचे वाईट वाटते.

अमेरिकेत कॅमेरॉन यांच्या पेटंटची मालक कंपनी गावोगावच्या नगरपालिकांना न्यायालयात खेचू लागली. आयोवा राज्यातल्या नॉक्सव्हिल या छोट्या गावाविरुद्धचा दावा थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. ब्रिटिश पेटंटची मुदत संपली तेव्हाच अमेरिकेतलेही संपले, असा निकाल 1913 मध्ये लागला.

आपल्याकडे ही टाकी घरोघर आली, पण कॅमेरॉन यांची पुढची पायरी वाटेतच गळाली. भारतीय मानक ब्युरोच्या नियमांत पाण्यासाठी शोषखड्ड्यासारखी सोय आणि ठरावीक काळाने गाळ उपसणे, दोन्ही आहेत. प्रत्यक्षात टाकीचा पाइप सरळ उघड्या गटारात सोडलेला दिसतो. कित्येकदा तळाला काँक्रीटच नसते. मैला जमिनीत मुरतो, पाणी शेजारच्या विहिरीत उतरते आणि मालक म्हणतो, टाकी भरतच नाही. न भरणारी टाकी ही चांगली टाकी नव्हे.

वाई आणि सिन्नर या नगरपरिषदांनी मात्र वेगळी वाट धरली. टाकी तुंबण्याची वाट न पाहता दर तीन वर्षांनी पाळीपाळीने प्रत्येक घरी व्हॅक्यूमची गाडी पाठवायची आणि गाळ प्रक्रिया केंद्रावर नेऊन शुद्ध करायचा, अशी पद्धत त्यांनी बसवली. जेमतेम 36 हजार वस्तीच्या वाईला हे साधले, तर आपल्या गावाला का साधू नये?

टाकी शेवटची कधी उपसली आणि तिचे पाणी कुठे जाते, हे दोन प्रश्न आजच आपल्या घरी विचारा. उपसायची वेळ आली असेल तर गाडीच बोलवा. माणसाला टाकीत उतरवू नका. सुरक्षा साधनांशिवाय तसे करणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे.