उन्हाळ्यातील ‘शेजारी’

उन्हाळ्याच्या सुटीत हैदराबादच्या मराठी घरांनी पुन्हा पाहावा असा चित्रपट म्हणजे ‘प्रभात’चा ‘शेजारी’. लाहोर ठरावाच्या दुसऱ्याच वर्षी, १९४१ साली, व्ही. शांताराम यांनी तो मराठीत आणि ‘पडोसी’ या नावाने हिंदीतही काढला. दोन जिवलग हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांत धरण बांधणारा कंत्राटदार वितुष्ट पेरतो. अखेर फुटत्या धरणावर दोघांना एकत्रच मरण येते. ‘पडोसी’तील हिंदू शेजारी मझहर खान यांनी रंगविला, तर मुसलमान शेजारी गजानन जागीरदारांनी. उर्दू-तेलुगूच्या शेजारात पिढ्यान्‌पिढ्या मराठी जपलेल्या आपल्या घरांना हे कथानक परके नाही. नातवंडांना आधी ‘पडोसी’ दाखवावा, मग ‘शेजारी’. ओळखीच्या कथेच्या आधाराने मराठी उमजते आणि शेजारधर्मही.