मार्कंड्याच्या वाटेवरचे तर्री-पोहे

७. तर्री-पोहे : चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या टपऱ्यांवरचा सकाळचा नाश्ता. लेखिकेचा हा प्रवास मार्कंड्याचा; मार्कंडा चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या काठी. महाशिवरात्रीला तिथे मोठी जत्रा भरते. या प्रवासाच्या वेळी गडचिरोली चंद्रपूर जिल्ह्यातच होते (वेगळा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ पासून), म्हणून लेखिका त्याला ‘आपलाच जिल्हा’ म्हणते. शिवरात्रीला घरच्या सगळ्यांचा उपास होता. टपरीवरची ही सकाळ दुसऱ्या दिवसाची, पारण्याची. हे ध्यानात घेतले की धाकटी बहीण पुनःपुन्हा रस्सा का मागते ते कळते. वाफेवर गरम ठेवलेले पोहे, त्यांवर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा, कच्चा कांदा, लिंबू. तिखटाचा रंग तेलात उतरतो, तेल वर तरंगते. तो लाल थर म्हणजे तर्री. टपरीवाला पळी खोल न बुडवता वरच्यावर फिरवतो आणि तेवढीच तर्री पोह्यांवर सोडतो. ज्याला तिखट सोसत नाही त्याला तळातला रस्सा. लेखिकेच्या आजीला तोच वाढला आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी याला मिसळ समजू नये. मिसळीत मोड आलेली मटकी नि फरसाण, सोबत पाव. इथे पावाचे काम पोहेच करतात, आणि माझ्या मते जास्त चांगले करतात. — संपा.